घाटात भज्यांचा वास

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी तेल पाजलं जाई. शिलाई मशीन आली, सायकल आली, पाळणा आला, दाराला नवी बिजागरी बसली, अगदी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दुकानासाठी तराजू आणला तरी माझी आज्जी देवघरातला तांब्याचा चंबू घेऊन बाहेर येई. त्या साली आलेल्या करडईच्या, आमच्याच घाण्यातून निघालेल्या पहिल्या तेलाची पळीभर धार ती त्या वस्तूच्या सांध्यात सोडी, तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढी, आणि मगच ती वस्तू घरची झाली असं आम्ही समजत असू. एकदा तिनं रेडिओलाही पाजलं. रेडिओनं एक उचकी दिली आणि तो कायमचा गप्प झाला. अण्णा कळवळून म्हणाले, "माय, त्याला तेल लागत न्हाई." आज्जीनं चंबू पदराला पुसला. "मंग त्यो आपल्या घरचा न्हवताच." तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. आता मी स्वतः आज्जी झाले आहे, नातवंडं मला हसतात, आणि त्या रेडिओची आठवण आली की माझ्याच हसण्याला मागून कुणीतरी थंड बोट लावावं तसं होतं. पुढं जे घडलं ते त्याच पळीतून घडलं.

आमचं घर धारूरला, बाजाराच्या टोकाला. पुढं दुकान, मागं विजेवर चालणारा घाणा. घाण्याचा पट्टा फिरला की घरातली भांडी मांडणीवर बारीक थरथरायची आणि आम्हाला ते थरथरणं इतकं अंगवळणी पडलेलं की वीज गेली की शांततेनं दचकून जाग यायची. भाजीत करडईचं तेल, केसांना करडईचं तेल, भाकरीवर ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. पण त्या दिवसांत बाजारात पुड्यातलं तेल आलं होतं. पाण्यासारखं पांढरं, वास नाही की चव नाही. टीव्हीवर एक गोरी बाई त्यात पुऱ्या तळायची आणि तिचा नवरा तिच्याकडे असा बघायचा की आमच्या गिऱ्हाइकांच्या बायका दुसऱ्या दिवशी पुडा मागायला यायच्या. अण्णा निमूट पुडा काढून द्यायचे. आज्जी आतून ओरडायची, "वास नसलेलं तेल आन लाज नसलेलं माणूस, दोनीबी घरात नको." अण्णांचा धाकटा भाऊ मन्मथकाका मात्र ऐकून हसायचा नाही. घाणा तोच चालवायचा. पट्टा थांबला की तो जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहायचा.

त्याच काकानं ती गाडी आणली. माजलगावकडच्या एका बागायतदार पुढाऱ्याच्या गोठ्यात ती कित्येक वर्षं पडून होती. हैदराबादच्या कुणा नवाबजाद्यानं हौसेनं आणलेली अमेरिकन गाडी, तिथून ती पुढाऱ्याकडे आली, एका निवडणुकीत मिरवली आणि मग तिच्यात कोंबड्या बसू लागल्या. आता पुढाऱ्याला नवी कोरी जीप आली होती. तेल घालायला गेलेल्या काकाला तो म्हणाला, "घेऊन जा की, कोंबड्यांसकट." काकानं ती ट्रॅक्टरला बांधून घाटातून वर ओढत आणली. आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा एक कोंबडी खरंच मागच्या सीटवरून उतरली आणि आमच्याकडे न बघता गल्लीनं निघून गेली.

लांबलचक नाक, बुटकं बूड, आणि नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. आमच्याकडच्या ट्रकलासुद्धा सहाच असायचे. स्टिअरिंग डाव्या बाजूला. "अमेरिकेतली पोरं असल्या गाड्यांच्या शर्यती लावतात," काका म्हणाला. आज्जीनं गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हैस बघावी तशी.

"दोनच दारं? मागं बसलेल्यानं उतरायचं कुठून रं?"

"पुढचं माणूस आधी उतरतं माय. सीट वाकवायची, मंग मागचं उतरतं."

"आन पुढच्याला उतरता न्हाई आलं तर?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. बारावी नापास होऊन घरी बसले होते, अकलेचा आणि माझा संबंध नुकताच तुटला होता, आणि त्या गाडीच्या पुढच्या सीटवर गॉगल लावून बसलेली मी मला दिसू लागले होते. आज्जीनं मात्र तेव्हाच जाहीर केलं की ह्या पिंजऱ्यात ती पाय ठेवणार नाही.

सबंध हिवाळा गाडीत गेला. उस्मानभाई नावाचा मिस्त्री होता, हैदराबादला राहून आलेला. हात चांगला होता, जीभ हातापेक्षा चांगली होती. "ऐसी गाड्यां मैं आँख मींच को खोलता," म्हणायचा, आणि खरंच डोळे मिटून खोलल्यासारखे काही पुर्जे उरायचे. अंगणात गोणपाटावर लोखंड पसरलेलं असायचं. मी रॉकेलच्या डब्यात बोल्ट धुवायची आणि माझ्या हातच्या भाकरीला रॉकेलचा वास येतो म्हणून आई मला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. मला हेच हवं होतं. रेडिएटर ट्रकचा बसवला, सीटा घोंगडीच्या कापडानं शिवल्या, रंग काकानं करडईच्या फुलासारखा पिवळा जर्द मारला. हातब्रेकची तार कुठंच मिळाली नाही, तेव्हा उस्मानभाई म्हणाला, हातब्रेक म्हणजे डरपोकांचं काम. त्याऐवजी बाभळीचा एक तिरका ठोकळा तासला. गाडी थांबली की उडी मारून तो मागच्या चाकाखाली सरकवायचा, हे काम मला मिळालं. मी त्या ठोकळ्याला रेशमी रिबन बांधली होती. खोटं सांगत नाही, गुलाबी.

एका सकाळी इंजिन लागलं. तो आवाज मी कसा सांगू? घाण्याच्या थरथरीवर वाढलेली आमची भांडी मांडणीवरून खाली आली. शेजारच्या म्हाताऱ्यानं खाटेवरूनच हात जोडले. काका गाडीतून उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि तो उगीच नाक पुसत होता.

फक्त ब्रेक राहिले होते. आतल्या रबरी चकत्या गाडीच्या मापाच्या मिळत नव्हत्या. उस्मानभाईनं दुसऱ्या गाडीच्या कापून बसवल्या, आणि ब्रेकचं तेल चाकांपाशी थेंबथेंब गळत राहिलं. लातूरहून आणलेला डबा संपत आला. त्याच दिवशी आज्जी चंबू घेऊन बाहेर आली. करडई नुकतीच घाण्यावर चढली होती.

"हिला कुठं पाजायचं?"

काकानं इंजिनाशेजारचा लहान लोखंडी डबा उघडला. "हितं. हीच तहानलेली हाय."

उस्मानभाई दाढी खाजवू लागला. "वो ब्रेक का डब्बा है. उसका तेल अलग आता..."

"अलग म्हंजे काय बे?" काका एकदम चिडला. "तेल ते तेल. पुडे आल्यापासून जो उठतो त्यो आमच्या तेलाला नावं ठिवतो. आता तू बी ठिव."

सबंध हिवाळा उस्मानभाई आमच्याकडे जेवला होता. त्यानं आज्जीकडे बघितलं, आज्जीच्या हातातल्या चंबूकडे बघितलं. "नाम कौन रखता? डालो अम्मा, बिस्मिल्ला करो." आज्जीनं 'ॐ नमः शिवाय' म्हणत ओतलं. पळीभर नाही, चंबू रिता होईपर्यंत. मग गाडीच्या नाकावर भस्माचे तीन पट्टे. मी टाळ्या वाजवल्या.

आणि गळती थांबली. हेच तर वाईट झालं. तेल पिऊन रबर फुगलं आणि फटी बुजल्या, हे पुढं कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की लातूरच्या डब्याला जमलं नाही ते आमच्या करडईनं केलं. आज्जी गल्लीत सांगत फिरली. काकानं गाडीच्या मागच्या काचेवर दुकानाचं नाव रंगवून घेतलं आणि खाली लिहिलं, 'हिला चालतं, तुम्हालाही चालेल'. त्या आठवड्यात पुड्याची दोन गिऱ्हाइकं परत घाण्याच्या तेलावर आली. तेव्हापासून तो डबा कमी झाला की आमच्याच पिंपातलं तेल भरायचं, हे ठरून गेलं.

तो उन्हाळा मी अजून कुणाला उसना दिलेला नाही. परळीला वैजनाथाच्या पाया पडून आलो. युसूफ वडगावच्या बाजारात गाडीभोवती इतकी गर्दी झाली की पुढं माझे सासरे झालेल्या माणसानं मला तिथंच पहिल्यांदा पाहिलं, एका दांडीला टेप लावलेल्या गॉगलसकट, आणि तरीही होकार दिला. माजलगावच्या धरणाच्या भिंतीजवळ बसून आम्ही धपाटे खायचो, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, आणि परत येताना सरळ रस्त्यावर काका पाय दाबायचा. पाठ सीटला चिकटायची. उसाच्या गाड्या, बाभळी, मैलाचे दगड सगळं एका पिवळ्या गर्जनेत मागं जायचं. काकाचा डावा कोपर खिडकीबाहेर, केस विस्कटलेले. त्याला तसं मी पुन्हा पाहिलं नाही.

पण सगळ्यात आवडायचा तो घाट. धारूर वर, बालाघाटाच्या कड्यावर; खाली उतरलं की तेलगाव आणि पुढं माजलगाव. गाडी पेट्रोल घागरीनं प्यायची, म्हणून उतार लागला की काका इंजिन बंद करून गियर काढून टाकायचा. मग नुसता वारा. एवढं मोठं जनावर आवाज न करता घसरत खाली जायचं, आणि वळणावळणावर काका ब्रेकवर हलका पाय ठेवायचा. दोन-चार वळणं झाली की वास यायचा. गरम तेलाचा, कढईत पहिलं भजं सोडावं तसा. "घाटातली भजी झाली रे," काका म्हणायचा, आणि खाली तेलगावच्या चौकात थांबून आम्ही खरोखरची भजी खायचो, कारण त्या वासानं भूक खवळलेली असायची. आज हे लिहून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचलं. आम्ही त्या वासानं भुकेजत होतो.

हळूहळू ब्रेक घट्ट होत गेला. काकाची पोटरी दुखायची. सपाटीवरसुद्धा गाडी ढकलली तर हलायची नाही, कुणी चाक धरून बसल्यासारखं. एकदा मी चाकावर पाणी सांडलं तर ते चर्र करून उडालं, आणि मला त्याची गंमत वाटली. मैत्रिणींना बोलावून पुन्हा पाणी टाकून दाखवलं. नागपंचमीच्या सुमारास तो घट्टपणा आपोआप गेला. "मऊ झाला बघ," काका खुशीत म्हणाला, "आता पाय दुखत न्हाई."

माझी थोरली बहीण, आमची अक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. मुलगी झाली. सीताफळं पिकायला येऊन डोळे उघडू लागली तेव्हा तिला माजलगावला सासरी पोचवायचं ठरलं. पहिलं लेकरू घरातल्या थोरल्या बाईनं स्वतः नेऊन सासरच्यांच्या ओटीत घालायचं, असा आमच्यात रिवाज. म्हणजे आज्जीला जाणं भागच होतं. अण्णा म्हणाले एसटीनं जाऊ. काका म्हणाला, "आपली गाडी दारात असताना पोरगी एसटीनं धाडायची? माजलगाववाले काय म्हणतील?" टपावर तेल पाजलेला पाळणा बांधला, पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. आज्जी दाराशी थांबली, पुन्हा एकदा दारं मोजल्यासारखं बघितलं, आणि वाकून आत गेली. मागं ती आणि अक्का, आज्जीच्या मांडीवर बाळ. पुढं काका आणि मी. ठोकळा माझ्या पायाशी, गुलाबी रिबनीसह. आई दारात उभी राहून हात हलवत होती. गाडी वळली तरी तिचा हात खाली आला नव्हता.

घाट लागला. काकानं इंजिन बंद केलं, गियर काढला. वारा सुरू झाला. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, दरीत सीताफळांची हिरवी झुडपं. अक्का म्हणाली, "किती गप चालते गं." पहिलं वळण. दुसरं. आणि तो वास आला. मी खुशीत मागं वळले. "आज्जी, घाटातली भजी! आता बघ कशी भूक लागती."

आज्जीचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. तिनं नाक वर केलं होतं. घाण्यावर बसून बसून जिनं आयुष्य काढलं, ती त्या गाडीत घाटातून पहिल्यांदाच उतरत होती. तो वास ओळखू शकणारं घरातलं एकच माणूस, आणि तेच सबंध उन्हाळा घरी बसलेलं.

"हे आपलं तेल हाय," ती म्हणाली. "मन्मथ, गाडी थांबव."

"माय, रोजच येतो त्यो वास."

"तळायचा वास न्हाई ह्यो. करपायचा हाय. तेल करपायलंय कुठंतरी. थांबव म्हणते न्हवं!"

काकानं हसत पाय दाबला. त्याचा गुडघा एकदम सरळ झाला. पाय पार तळाला जाऊन टेकला. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा, भाता मारल्यासारखा. गाडी तशीच घसरत राहिली, जरा जास्त वेगानं. त्यानं गियरचा दांडा ओढला. आत नुसतं लोखंड दात खात राहिलं. किल्ली फिरवली, इंजिन एकदा भुंकलं आणि बंद पडलं. पुढं मोठं उजवं... नव्हे, डावं वळण होतं. मी इतक्या वर्षांनीही ते उलटसुलट सांगते. एवढं खरं की सरळ गेलं तर समोर दरी होती.

मी काय केलं? ठोकळा उचलून छातीशी धरला. मूल धरावं तसा. मागं खरं मूल होतं, आणि त्याच्यावर आज्जी वाकलेली होती, अक्का आज्जीवर.

"शिवे, पाय वर घे," काका इतक्या शांतपणे म्हणाला की मी ऐकलं. मग त्यानं गाडी डोंगराला लावली. डाव्या बाजूला. त्याची बाजू. ज्या उलट्या स्टिअरिंगला सगळा बाजार हसला होता, ते डोंगराकडेच होतं. उजवीकडे घातली असती तर आम्ही कुणीच नसतो, आणि त्याला हे वळण यायच्या आधीच कळलं होतं. पत्रा दगडावर घासत गेला. तो आवाज इंजिनापेक्षाही मोठा होता. काच आत आली, दार आत आलं. पाळणा टपावरून उडून आमच्या पुढं रस्त्यावर पडला आणि गडगडत वळणाच्या पलीकडे गेला. मग सगळं थांबलं, पण पुरतं नाही. गाडी करकरत इंचाइंचानं अजून सरकत होती.

"शिवे," काका म्हणाला. "ठोकळा."

मागून अक्का किंचाळत होती, "सीट वाकव, आधी लेकरू घे!" पण माझे पाय सवयीचे. मी उडी मारली, मागं धावले आणि चाकाखाली ठोकळा सरकवला. चाक त्यावर चढलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि बसलं. मग सीट वाकवली. आधी बाळ बाहेर आलं, रडतही नव्हतं. मग अक्का, मग आज्जी. काका तेवढा आत राहिला. माजलगावहून वर येणाऱ्या ट्रकवाल्यांनी पहार लावून दार उपसलं आणि त्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डावा हात कोपरावर काढावा लागला.

ट्रक येईपर्यंत आज्जी त्याच्या खिडकीशी उभी होती, त्याच्या केसांवरून हात फिरवत. मग तिनं वाकून चाकाला बोट लावलं, वास घेतला, आणि बोट पदराला पुसलं. पुसतच राहिली.

उस्मानभाईनं नंतर चाकं उघडली. रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगून फाटलेलं, आणि तेल आटून डिंकासारखं चिकट झालेलं. तो रडत होता. "तेल तो अव्वल है अम्मा. रबर कच्चा निकला."

"खोटं कावून बोलतूस उस्मान?" आज्जी म्हणाली. त्या दिवशी तिनं चंबू घासला आणि देवघरात पालथा ठेवला. तो तिच्या हातून पुन्हा सुलटा झाला नाही. घाणाही फार दिवस चालला नाही; एका हातानं पट्टा चढवता येत नाही.

मन्मथकाका आता थंडीत माझ्याकडे युसूफ वडगावला येऊन राहतो. अंगणात उन्हाला बाज टाकून बसतो, नातवंडांना अमेरिकन गाडीच्या गोष्टी सांगतो, आणि त्याच्या गोष्टींत ती गाडी कधीच घाट उतरत नाही. मी पुड्यातल्या तेलात भजी करते, तो न बोलता खातो. गेल्या थंडीत माझ्या नातवानं पुण्याहून काचेची बाटली आणली. लाकडी घाण्याचं करडईचं तेल! आता म्हणे ते शहाण्या लोकांत चालतं. मला हसू आलं, आणि मोह झाला. कढई ठेवली, तेल तापलं, पहिलं भजं सोडलं, आणि वास घरभर गेला.

ताट घेऊन मी बाहेर आले. काका नातवाशी बोलत होता, हसत होता, दुसऱ्याच कसल्याशा गोष्टीवर. पण त्याचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता. बोटं पांढरी पडलेली, पोटरी थरथरत होती. त्याला ठाऊकही नव्हतं.

ताटासकट मी तशीच मागं वळले. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून तो बाभळीचा ठोकळा अजून आहे. रिबन कधीच कुजून गेली. तो पायानं सरकवत सरकवत बाहेर आणला आणि बाजेच्या पायाशी लावला. मग ताट त्याच्या हातात दिलं.

काकानं खाली बघितलं. ठोकळा बघितला, मला बघितलं. "लावलास व्हय?" म्हणाला.

"लावला," मी म्हटलं. "खा आता."

त्यानं एक भजं उचललं. पाय सुटायला मात्र बराच वेळ लागला.